प्रकरण ७ : शब्दांवर नाचणारा चेंडू

गणेशोत्सवात पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या मंडपात एका संध्याकाळी कराओकेची स्पर्धा असते. पडद्यावर गाण्याची ओळ येते आणि एकेक शब्द पांढऱ्याचा निळा होत जातो. चौथीतल्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे त्या सरकत्या रंगामागे गात जातात. अशा वेळी एखादं चौकस मूल हटकून विचारतं, "हे कुणी शोधून काढलं? कॉम्प्युटर नव्हते तेव्हा असं काही होतं का?"

होतं. 1924 सालापासून होतं, तेही चित्रपटगृहात. तेव्हा सरकत्या रंगाच्या जागी शब्दांवर उड्या मारत जाणारा एक पांढरा चेंडू होता आणि तो एका कार्टूनचा भाग होता. या प्रकरणात त्या चेंडूची गोष्ट समजून घेऊ. मात्र तो का लागला हे कळायला आधी एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

१. माणसं गाता गाता गप्प का होतात?

घरच्या गणपतीची आरती आठवा. ध्रुपद आलं की अख्खं घर दणाणतं. कडवं सुरू झालं की आवाज निम्म्यावर येतो. तिसऱ्या कडव्याला दोन आज्या आणि एक काका एवढेच गात असतात, बाकीचे टाळ्या वाजवत ओठ हलवतात. पुन्हा ध्रुपद आलं की सगळे परत हजर.

यावरून एक गोष्ट कळते. लोकांना गायला नको असतं असं नाही. त्यांना चुकायला नको असतं. चारचौघांत मोकळेपणी गाण्यासाठी माणसाला तीन गोष्टी लागतात. पहिली, पुढचा शब्द कोणता. दुसरी, तो नेमका केव्हा उचलायचा. तिसरी, आपला आवाज झाकून घेईल इतकी सोबत.

आरतीच्या पुस्तकानं पहिली अडचण सुटते. सोबत घरच्यांची असतेच. दुसरी अडचण, म्हणजे 'केव्हा', ही सगळ्यांत अवघड. घरात ती आज्या आणि काका सोडवतात, कारण त्यांच्या पाठोपाठ जाता येतं. पण अंधाऱ्या थिएटरात एकमेकांना न ओळखणारे पाचशे लोक बसले असतील, तर त्यांना 'केव्हा' कुणी सांगायचं?

२. आधी आला कंदील

चित्रपटाच्या आधी जादूचा कंदील होता. काचेच्या पट्टीवर चित्र रंगवायचं, मागून दिवा लावायचा आणि पुढच्या भिंगातून ते चित्र पडद्यावर मोठं करून पाडायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत या काचा गाण्याला जोडल्या गेल्या. पडद्याशेजारी गायक उभा राही, कडव्याकडव्याला चित्र बदले आणि शेवटच्या काचेवर ध्रुपदाचे शब्द येत. मग प्रेक्षकांनी गायचं. पुढे छोट्या चित्रपटगृहांत रीळ बदलायला लागणारा वेळ याच गाण्यांनी भरून काढला जाई.

महाराष्ट्राला चित्र आणि गाणं यांची ही जोडी नवी नव्हती. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरत गाऊन कथा सांगत आले आहेत. आणि 1892च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांसह जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. त्याला नाव होतं 'शांबरिक खरोलिका'. हातानं रंगवलेल्या काचा, सोबत निवेदन आणि पेटी-तबल्याची साथ. काचा अशा खुबीनं सरकवत की चित्रातली माणसं हलल्यासारखी वाटत. यातल्या साडेतीनशेहून जास्त काचा 2021 साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आल्या. म्हणजे कंदिलाच्या काळातला हा मराठी ठेवा आज पुण्यातच आहे.

पण शब्दांच्या काचेत एक उणीव राहिली होती. काच चारही ओळी एकदम दाखवते. 'कोणता शब्द' हे ती सांगते, 'केव्हा' हे सांगत नाही. फळ्यावर कविता लिहून बाई वर्गाबाहेर गेल्यासारखं ते होतं.

३. बाईंची पट्टी आणि फ्लायशरांची काठी

वर्गात बाई असल्या की काय करतात? हातात लाकडी पट्टी घेऊन फळ्यावरच्या एकेका अक्षराखालून ती पुढे नेतात. पट्टी जिथे, तिथे साऱ्या वर्गाचा आवाज. मागच्या बाकावरचा मुलगाही त्यात सापडतो, कारण कुठे आणि केव्हा हे त्याला एकाच वेळी दिसतं.

न्यूयॉर्कमध्ये मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांचा कार्टूनचा स्टुडिओ होता. बेटी बूप आणि पडद्यावरचा पॉपाय पुढे याच स्टुडिओनं दिले. 1924 साली त्यांनी 'साँग कार-ट्यून्स' नावाची मालिका सुरू केली. लोकांना पाठ असलेलं एखादं जुनं गाणं निवडायचं, त्याआधी को-को या विदूषकाची थोडी गंमत दाखवायची, मग पडद्यावर शब्द आणायचे आणि त्यांवर चेंडू सोडायचा.

आता या चेंडूतली खरी मौज पाहा. तो कार्टूनचा भाग असला, तरी कागदावर काढलेला नसे. गाण्याच्या ओळी एका फिरत्या पिंपावर लावलेल्या असत. पिंप थोडं फिरलं की पुढची ओळ समोर येई. एक माणूस लांब काठी घेऊन शेजारी उभा राही. काठीच्या टोकाला चमकता पांढरा गोळा, आणि चित्रण असं गडद की काळ्या पार्श्वभूमीवर काठी दिसूच नये. गाण्याच्या ठेक्यावर तो माणूस गोळा एका अक्षरावरून दुसऱ्यावर टेकवत नेई आणि कॅमेरा ते टिपत जाई.

म्हणजे ती बाईंची पट्टीच होती, फक्त तिचं टोक तेवढं उजेडात राहिलं. चेंडू एवढा जिवंत का वाटे, याचं उत्तरही इथेच आहे. त्यामागे गाणं समजणाऱ्या माणसाचा हात होता.

४. सरकण्यापेक्षा उडी बरी, ती का?

इथे कुणी विचारेल की चेंडू उडायला कशाला हवा, नुसता बाण सरकवला असता तरी चाललं असतं की.

एक चेंडू वर फेकून पाहा. वर जाताना त्याचा वेग कमी होत जातो, माथ्याशी तो क्षणभर रेंगाळतो आणि मग झपकन खाली येतो. थोडा हिशोब केला तर गमतीची गोष्ट दिसते. उडीच्या एकूण वेळातला निम्मा वेळ चेंडू उंचीच्या सर्वांत वरच्या चतुर्थांशात घालवतो. म्हणजे तो बराच वेळ वर तरंगतो आणि नंतर ठामपणे टेकतो. तो खाली येताना आपल्याला दिसतो, त्यामुळे कधी टेकणार हे डोळ्याला आधीच कळतं. तेवढ्या अवधीत आपण श्वास घेतो आणि शब्द तयार ठेवतो.

ताल धरताना आपण हेच करतो. टाळी वाजण्याआधी हात वर जातो, आणि तो खाली येताना पाहून शेजारचाही बरोबर त्याच क्षणी टाळी देतो. सरकता बाण 'आता' एवढंच सांगतो. उडणारा चेंडू 'येतंय, येतंय, आता' असं सांगतो.

हे आकड्यांत मांडून पाहू. बोलपटाच्या फितीवर एका सेकंदाला 24 चित्रं पडद्यावरून जातात. समजा, गाण्याची लय मिनिटाला 120 मात्रांची आहे. मग एक मात्रा म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजेच 12 चित्रं. त्यातल्या सहा चित्रांत चेंडू चढेल आणि सहा चित्रांत उतरेल. केरव्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन 96 चित्रांत, म्हणजे चार सेकंदांत पुरं होईल. तीन मिनिटांच्या गाण्याला 4320 चित्रं लागतील. एवढ्या चित्रांत चेंडूची जागा हातानं काढत बसायचं की काठी धरून तीन मिनिटांत काम उरकायचं? फ्लायशरांनी काठी का निवडली, ते या हिशोबावरून समजतं.

आता एक मराठी उदाहरण घेऊ. 'विठ्ठल विठ्ठल' हा नामघोष धरा आणि एकेका 'विठ्ठल'ला चार मात्रा द्या. पहिल्या मात्रेला चेंडू 'वि'वर टेकेल, दुसरीला 'ठ्ठ'वर, तिसरीला 'ल'वर. चौथ्या मात्रेला नवं अक्षर नाही, 'ल' लांबवायचा आहे. मग चेंडू 'ल'वरच थांबेल आणि पाचव्या मात्रेला पुढच्या 'वि'वर उडी घेईल. कुठे उडायचं आणि कुठे थांबायचं हे एकदा डोळ्याला कळलं की मराठी न येणारा माणूसही दुसऱ्या फेरीला सुरात सूर मिसळेल.

५. मूकपटाचा आवाज प्रेक्षकांचा

ही कार्टूनं निघाली तेव्हा चित्रपट मुके होते. थिएटरातला पियानोवाला किंवा ऑर्गनवाला चाल धरी, चेंडू उडू लागे आणि सारं सभागृह गाई. पडद्याला आवाज नव्हता, म्हणून तो प्रेक्षकांनी दिला.

यातल्या काही कार्टूनांना ली द फॉरेस्ट या संशोधकाच्या तंत्रानं फितीवरच ध्वनीही दिला गेला. 1926च्या अशा एका कार्टूनमध्ये एक पात्र चक्क बोलतं आणि प्रेक्षकांना चेंडूमागोमाग गाण्याचं आवतण देतं. मिकी माउसचं गाजलेलं 'स्टीमबोट विली' नोव्हेंबर 1928 मधलं, म्हणजे दोन वर्षांनंतरचं. बोलक्या कार्टूनच्या इतिहासात सोबत गाण्याच्या या खेळाचा मान किती आधीचा आहे, ते यावरून दिसतं.

1929 साली फ्लायशरांनी पॅरामाउंट कंपनीसाठी 'स्क्रीन साँग्ज' ही नवी मालिका काढली. ती 1938 पर्यंत चालली. तिची बांधणी साधारण ठरलेली असे. आधी कार्टूनमधली धमाल, मध्ये बऱ्याचदा एखादा खराखुरा नामवंत गायक पडद्यावर येई, मग चेंडू. शेवटच्या ध्रुपदाला चेंडूची सुट्टी होई आणि त्याच्या जागी एखादं कार्टूनचं पात्र शब्दांवरून उड्या मारत जाई. एव्हाना लोकांना चाल बसलेली असे, त्यामुळे चेंडू काढला तरी गाणं थांबत नसे. कीर्तनकार दोनदा चाल सांगून तिसऱ्यांदा टाळकऱ्यांच्या हवाली करतो, तसंच हे.

1947 ते 1951 या काळात ही मालिका रंगीत रूपात पुन्हा आली. पुढे घरोघरी टीव्ही आला, मुख्य चित्रपटाआधीच्या लघुपटांचा जमाना ओसरला आणि चेंडूही थिएटरातून गेला.

६. पुण्यात शब्द पडद्यावर नव्हते, हातात होते

आता आपल्या गावाकडे वळू. पुण्यात मंडईजवळ 1915 साली 'आर्यन' हे चित्रपटगृह सुरू झालं. मूकपटांच्या काळात पडद्याजवळ वादक बसत आणि प्रसंग पाहून वाजवत. पुढे 1932 साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनं काढला, आणि पुढच्याच वर्षी प्रभातनं पुण्यात बस्तान हलवलं.

पुण्यात आल्यावर 1934 साली प्रभातनं दोन गोष्टी केल्या. 'अमृतमंथन' हा बोलपट केला आणि त्याच्यासोबत दाखवायला 'जंबूकाका' नावाचं एक छोटं कार्टूनही केलं. जंबू म्हणजे जंबूक, कोल्हा. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या कार्टूनपटांत त्याची गणना होते. त्याआधी 1915 साली दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या चित्रागणिक सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. जंबूकाका त्याच वाटेवरचा. अप्पा बळवंत चौकातलं किबे लक्ष्मी थिएटर, म्हणजे पुणेकरांचं प्रभात टॉकीज, तेही 1934चंच. फ्लायशरांचा चेंडू अमेरिकेत ऐन भरात होता, त्याच वर्षी पुण्यात बोलपट आणि कार्टून एकाच कंपनीत तयार होत होते.

मग आपल्या प्रेक्षकांना गाण्याचे शब्द कुठे मिळत? त्यासाठी सिनेमाची पुस्तिका असे. चार-सहा पानांची, मुखपृष्ठावर चित्र, आत कलाकारांची नावं, थोडक्यात कथा आणि सगळी गाणी छापलेली. थिएटरात ती विकत मिळे. घरी नेलेली पुस्तिका पेटीपाशी ठेवून गाणी बसवली जात. अशा जुन्या पुस्तिका आज राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

आणि 'केव्हा'चं काय? ते काम मराठी माणसासाठी परंपरेनं आधीच करून ठेवलं होतं. प्रभातच्याच दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांचा 'संत तुकाराम' 1936 साली आला आणि मुंबईच्या एका थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला. अभंग कसा चढतो, ध्रुपद कधी परत येतं, टाळ कुठे पडतो हे प्रेक्षकांच्या अंगात भिनलेलं होतं. गीतकार शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी एक नवीन अभंग लिहिला, तर लोकांनी तो तुकोबांचाच मानला. ओळखीच्या साच्यातलं गाणं लोक किती पटकन आपलं करतात, याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही. फ्लायशरांनीही जुनी, लोकांना पाठ असलेली गाणीच निवडली होती, त्याचं कारण हेच.

शब्द हातात असले की सगळं गाव कसं गातं, हे पुण्यानं पुढे आकाशवाणीवरही पाहिलं. 1 एप्रिल 1955ला, रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक नवं गीत, अशी 56 गीतं. लोकांची मागणी एवढी की वर्तमानपत्रं दर आठवड्याला नव्या गीताचे शब्द छापू लागली. कात्रण हातात आणि कान रेडिओकडे. इथे पडदा नव्हता नि चेंडूही नव्हता. पण 'कोणता शब्द' हे कागद सांगे आणि 'केव्हा' हे रेडिओ सांगे.

७. प्रभातचा एक शिष्य आणि एक कार्टून

ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांना आठवत असेल, मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा एखादा लघुपट लागायचा. 1948 साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे लघुपट दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. 1956 साली तिथे कार्टून विभाग उभा राहिला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी भारतीय चित्रकारांना शिकवलं.

याच फिल्म्स डिव्हिजननं 1974 साली 'एक अनेक और एकता' हे सुमारे सात मिनिटांचं कार्टून केलं. लेखन-दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रांची बाजू भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचं. छोट्या मुलीचा आवाज साधना सरगम यांचा, तेव्हा त्या अगदी लहान होत्या. ताई लहान भावाला 'एक' आणि 'अनेक' म्हणजे काय ते चिमण्यांच्या गोष्टीतून समजावते आणि बोलता बोलता दोघं गाऊ लागतात. पुढे दूरदर्शननं ते इतक्या वेळा दाखवलं की देशातल्या एका पिढीला ते पाठ झालं.

या कार्टूनमध्ये चेंडू नाही, तरी मुलं त्यासोबत गात. असं का झालं असावं? इथे वसंत देसाई कोण, ते पाहायला हवं. सावंतवाडीकडचा हा मुलगा कोल्हापुरात प्रभातमध्ये दाखल झाला, कंपनीबरोबर पुण्यात आला आणि पडेल ते काम करत संगीत शिकला. मोठेपणी त्यांनी शाळाशाळांतल्या हजारो मुलांना एका मैदानावर एका सुरात गायला लावण्याचे उपक्रम केले. शंभर मुलांना एकदम कुठे श्वास लागतो आणि कुठली जागा अवघड जाते हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. त्यामुळे त्यांच्या चालीतच चेंडू होता असं म्हणता येईल. तुकडे लहान आहेत, स्वर आवाक्यातले आहेत आणि एक गातो तेच पाठोपाठ अनेक गातात. 'केव्हा' हे सांगायला वेगळी खूण लागू नये, अशी ती रचना आहे.

८. चेंडूची नातवंडं

1971 साली जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊए या वादकानं नाणं टाकल्यावर फक्त साथसंगत वाजवणारं यंत्र बनवलं. कराओकेच्या अगदी पहिल्या यंत्रांपैकी ते एक. गंमत अशी की त्या यंत्रासोबत शब्दांचं पुस्तकच असे. शब्द पडद्यावर आले ते 1980च्या दशकात, चित्रफितीच्या तबकड्या आल्यावर. म्हणजे कराओकेनंही आपल्यासारखाच पुस्तिकेपासून पडद्यापर्यंतचा प्रवास केला, आणि पडद्यावर पोचल्यावर त्याला 'केव्हा' सांगणारी खूण लागलीच. सोसायटीच्या मंडपातला सरकता निळा रंग हा त्या पांढऱ्या चेंडूचा नातू आहे.

दुसरं नातवंड जास्त कामाचं आहे. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी 1996 साली एक साधी कल्पना मांडली. टीव्हीवर हिंदी गाणं लागलं की खाली हिंदीतच शब्द दाखवायचे आणि गायला जाणारा शब्द रंगानं उजळायचा. गुजराती गाण्याला गुजराती शब्द. अर्धवट वाचता येणाऱ्या माणसाला गाणं पाठ असतंच. कानावर पडणारा शब्द त्याच क्षणी डोळ्यासमोर आला की अक्षरांची ओळख न शिकवता पक्की होते. 1999 मध्ये गुजरात दूरदर्शनवरच्या 'चित्रगीत' कार्यक्रमात हे प्रत्यक्षात आलं आणि पुढे राष्ट्रीय वाहिनीवरही पोचलं. फ्लायशरांचा चेंडू वाचता येणाऱ्यांना गायला लावत होता. हा गाता येणाऱ्यांना वाचायला लावतो.

९. आता तुमच्या हातात काठी

मराठी बालगीतांची कार्टूनं आज मोबाइलवर ढिगानं आहेत. त्यांतल्या प्रत्येक गाण्याखाली मोठ्या, शुद्ध देवनागरीत शब्द यावेत आणि ते ठेक्यावर उजळावेत, एवढं ती करणाऱ्यांनी मनावर घ्यावं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना बोली येते, लिपी राहून जाते. त्यांच्यासाठी तर ही शाळाच ठरेल.

तोवर घरी एक प्रयोग करा. मुलाला पाठ असलेलं गाणं घ्या. त्याच्या चार ओळी कॅलेंडरच्या पाठीमागे ठळक अक्षरांत लिहा, अक्षरांमध्ये जागा सोडा. झाडूच्या काडीला पांढऱ्या कागदाची गोळी चिकटवा. गाणं म्हणत गोळी एकेका अक्षरावर टेकवत न्या, लांब स्वर आला की थांबा. मूल आपोआप गोळीमागे गाऊ लागेल. दुसऱ्या फेरीला काडी त्याच्या हातात द्या आणि त्याच्यामागे तुम्ही गा. कुठलं अक्षर कुठे संपतं, हे ते त्या फेरीत शिकेल.